मोहाची पारख

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात रेड वाइनची पारख करायला बसलेल्या माणसाच्या हाताशी दोन वस्तू हमखास असतात. एक, उंच देठाचा पातळ काचेचा प्याला. दुसरी, थुंकायचं भांडं. एकाच बैठकीत त्याला कितीतरी वाइन तपासायच्या असतात. तो घोट घेतो, तोंडभर फिरवतो, ओठ किंचित उघडून हवा आत ओढतो, थुंकतो आणि वहीत नोंद करतो. जगातली सर्वांत नावाजलेली दारू त्याच्या जिभेवरून जाते, पण पोटात जात नाही. तिसऱ्या-चौथ्या प्याल्यापासूनच जीभ सैल झाली तर दहाव्या प्याल्याचा न्याय कोण करणार? म्हणून पारखायचं असेल तर प्यायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला धडा.

हा धडा गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीला नीट कळण्यासारखा आहे. जिल्ह्यात 1993पासून दारूबंदी आहे. चामोर्शीच्या बाजारात वाइनची बाटली मिळत नाही आणि ती मिळू नये असंच इथल्या बायांनी लढून ठरवून घेतलंय. पण पारखीची इथे वाण नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळू लागली की वैनगंगेच्या काठापासून घोटच्या जंगलापर्यंत घराघरांत फूल हातात घेऊन, हुंगून, दाताखाली धरून त्याची प्रत ठरवली जाते. बोर्दोच्या जाणकाराच्या ज्ञानावर ग्रंथ निघाले, विद्यापीठं उभी राहिली, बाजार चालले. चामोर्शीच्या बाईच्या ज्ञानाला अजून कोणी ज्ञान म्हटलेलं नाही. हे दोन्ही एका पंक्तीत मांडून पाहावं, यासाठी हा लेख.

डोळा, नाक, जीभ

आधी वाइनकडे पाहू. प्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरायचा आणि पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा. मधला रंग किती दाट आहे ते बघायचं, मग कडेचा. बोर्दोची रेड वाइन तरुण असेल तर कडा जांभळट दिसते. वर्षं जातात तशी ती लालसर, मग विटकरी, मग तपकिरीकडे झुकते. प्याल्याच्या कडेवरच जाणकार वाइनचं वय वाचतो. खूप जुनी नसूनही कडा तपकिरी झाली असेल तर बाटलीत हवा शिरली असावी, अशी शंका तिथेच येते.

मग नाक. पहिल्यांदा प्याला न हलवता वास घ्यायचा आणि दुसऱ्यांदा गोल फिरवून. फिरवल्याने वाइन काचेवर पसरते, हवा लागते आणि आत दबलेले वास वर येतात. ते तीन थरांत लावतात. पहिला द्राक्षाचा: काबर्ने सोविन्यों जातीच्या द्राक्षाला काळ्या करंटसारख्या फळाचा वास, मर्लोला पिकलेल्या आलुबुखाराचा. दुसरा आंबवण्याचा आणि ओकच्या पिंपाचा: व्हॅनिला, भाजलेलं लाकूड, लवंग. तिसरा वयाचा: देवदार, तंबाखू, कातडं, आणि पावसानंतरच्या जंगलातल्या कुजत्या पाल्याचा. हा पाल्याचा वास फ्रेंच जाणकार चांगल्या जुन्या वाइनचं लक्षण मानतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बुचातून आलेल्या एका रसायनाने बाटली बिघडवलेली असते. तिचा गुण मग पाहतच नाहीत, बाजूला ठेवतात.

शेवटी जीभ. आंबटपणा जिभेच्या कडांना पाणी सुटतं त्यावरून मोजायचा, अल्कोहोल घशातल्या उष्णतेवरून. रेड वाइनचा खरा कणा असतो टॅनिन. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं आणि लाळेतली प्रथिनं पकडून तोंड कोरडं पाडतं. कच्चं टेंभरू किंवा हिरडा चावल्यावर हिरड्या आखडतात ना, ते काम टॅनिनचंच. हिरडा कातडी कमवायला वापरतात तोही त्याच गुणामुळे. वाइनचं टॅनिन टोचरं आहे की रेशमासारखं, यावरून द्राक्ष पुरतं पिकलं होतं का आणि वाइन अजून किती वर्षं टिकेल, याचा अंदाज बांधतात. थुंकल्यानंतर चव तोंडात किती सेकंद रेंगाळते हेही मोजतात, त्या सेकंदाला फ्रेंचमध्ये ‘कोदाली’ म्हणतात. ती रेंगाळ जितकी लांब आणि स्वच्छ, तितकी वाइन वरच्या पायरीची.

ही सगळी पद्धत पक्की करणाऱ्यांत बोर्दोचे एमिल पेनो यांचं नाव आघाडीवर आहे. त्यांचं ‘ल गू द्यू व्हँ’ हे पुस्तक 1980 साली आलं. वाइन आवडली की नाही हा एक प्रश्न आणि वाइन चांगली आहे की नाही हा वेगळा, ही फोड केल्याशिवाय पारखीला सुरुवातच होत नाही.

पण जाणकाराचं नाकही फसतं, हे बोर्दोनेच दाखवून दिलं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या 54 विद्यार्थ्यांना एकच पांढरी वाइन दोनदा दिली. एकदा जशीच्या तशी आणि एकदा वास-चव नसलेला लाल रंग घालून. रंग घातलेल्या वाइनचं वर्णन करताना त्यांनी रेड वाइनचे शब्द वापरले. डोळ्याने नाकाला वाट दाखवली आणि नाक त्या वाटेने गेलं. तेव्हापासून बाटली झाकून, नाव लपवून चाखण्याचा आग्रह अधिकच बळकट झाला. त्याआधी 1976 साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर यांनी अशाच झाकल्या बाटल्यांची परीक्षा घेतली होती. फ्रेंच परीक्षकांनी स्वतःच्या देशाच्या वाइन बाजूला ठेवून कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिलं स्थान दिलं. नाव झाकलं की वस्तूच बोलते, हे त्या दिवशी जगाला दिसलं.

पहाटेची मोहफुलं

आता चामोर्शीकडे येऊ. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. त्या जंगलात, शेताच्या बांधावर आणि गावकुसालाही मोहाची झाडं आहेत. फुलायच्या वेळी झाडाची पानं बरीचशी गळालेली असतात. रात्री वटवाघळं येतात, फुलांवर झोंबतात, आणि पहाटेच्या आधी फुलं टपटपू लागतात. पिवळट पांढरं, गोलसर, आतून पोकळ, गरदार फूल. बोटांत दाबलं की चिकट रस येतो. ऊन चढलं की फूल मलूल होतं, आणि अस्वल, हरणं, गुरं यांचाही त्यावर हक्क असतोच. म्हणून माणसाला अंधारातच घर सोडावं लागतं.

ही वेळ सोपी नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीत वाघाच्या हल्ल्यात जीव गेलेल्यांमध्ये मोहफुलं वेचायला गेलेली माणसं दरवर्षी असतात. वाकून, खाली मान घालून, पहाटेच्या अंधुक उजेडात वेचणारी बाई वाघाला माणूस म्हणून ओळखू येतेच असं नाही. फुलं स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची जुनी चाल आहे आणि त्यातून उन्हाळ्यात वणवे लागतात. फुलाच्या प्रत्येक टोपलीमागे ही किंमत आहे.

झाडं ओळखीची असतात. कोणतं झाड कोणी वेचायचं हे गावाने पिढ्यांपूर्वी ठरवलेलं असतं. एकाच शिवारातल्या दोन झाडांची फुलं सारखी नसतात. एकाचं फूल टपोरं पण पाणचट, दुसऱ्याचं बारीक पण मिठ्ठास. एक आधी गळतं, दुसरं मागून. कोणत्या झाडाखाली आधी जायचं हे बाईला पाठ असतं. बर्गंडीत द्राक्षमळ्यांचे लहान लहान तुकडे शतकानुशतकं वेगवेगळ्या नावांनी ओळखले जातात आणि एकाच द्राक्षाची वाइन तुकड्यागणिक वेगळी निघते, असं तिथले लोक मानतात. युनेस्कोने 2015 साली त्या तुकड्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. झाडागणिक चव ओळखणारं चामोर्शीचं ज्ञान त्याच जातीचं आहे.

फूल घरी आलं की वाळवण. सारवलेल्या अंगणात पातळ पसरायचं, हात फिरवत राहायचं. फूल आधी पिवळसर होतं, मग तांबूस, मग गडद तपकिरी. वाळल्यावर वजन तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतं आणि उरलेल्या फुलात वजनाने निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त साखर असते. वाळलं की बडवून आतले केसर झाडून टाकायचे आणि मग ढोलीत भरायचं. एवढ्यात अवकाळी पावसाची एक सर आली तर फूल काळं पडतं आणि आंबूस वास धरतं.

आठवडी बाजारात हे फूल व्यापाऱ्यापुढे जातं तेव्हा पारख दोन्ही बाजूंनी चालते. व्यापारी मूठभर फुलं घेतो, घट्ट आवळतो आणि मूठ उघडतो. फुलं सुटी झाली तर वाळलेली, गोळा राहिला तर ओली.

‘वले आहेत बाई.’

‘चार उन्हं दिले जी. वले कसे?’

मग बाई स्वतः एक फूल दाताखाली धरून दाखवते. नीट वाळलेलं फूल चावताना लवचिक लागतं, आधी गोडी येते, मग घशाशी हलकीशी कडवट चव राहते. वाळू दाताखाली करकरली तर फूल उघड्या मातीवर वाळवलंय. वास मनुकांसारखा गोड हवा. त्यात आंबट धार असेल तर आंबायला सुरुवात झाली आहे. रंग एकसारखा तांबूस हवा, काळे ठिपके म्हणजे बुरशी. रंग, वास, चव, स्पर्श, शेवटची रेंगाळ: बोर्दोच्या वहीत जे रकाने असतात तेच इथे आहेत. वही मात्र नाही.

फ्रान्सला गेलेलं फूल

या दोन जगांची गाठ पूर्वी एकदा पडली होती. 1860च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांची मुळं खाल्ली. पुढच्या दोन-तीन दशकांत तिथल्या द्राक्षशेतीचा फार मोठा भाग उद्ध्वस्त झाला. अखेर अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीची कलमं बांधून ती शेती वाचली, आजही बोर्दोच्या बहुतेक वेली त्याच मुळांवर उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या त्याच उत्तरार्धात मुंबई बंदरातून वाळलेली मोहफुलं जहाजाने फ्रान्सला जात होती आणि तिथे त्यांतून मद्यार्क गाळला जात होता.

इथे मात्र त्याच फुलाकडे सरकारने गुन्ह्याची वस्तू म्हणून पाहिलं. 1892 साली मुंबई सरकारने खास मोहासाठी कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं साठवणं, विकणं, नेणं यांवर बंधनं आली. सरकारी अबकारी उत्पन्न राखायचं होतं, आणि घरोघरी भट्टी लागली तर ते बुडणार होतं. गडचिरोली त्या वेळी मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता. तिथे 1896-97 आणि 1899-1900च्या दुष्काळांत माणसं ज्या रानमेव्यावर तगली त्यात मोहफूल होतं. पुढे विदर्भ महाराष्ट्रात आला, 1949चा दारूबंदी अधिनियम इथे लागू झाला आणि त्यात मोहफुलांवर नियंत्रण होतंच. भाजून खाल्लेलं, लाडवात घातलेलं, शिजवून घट्ट पाक केलेलं फूल आणि भट्टीत जाणारं फूल कायद्याला एकच दिसत राहिलं. राज्याने फुलं गोळा करण्यावरची, बाळगण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं 2021 साली सैल केली.

त्याच 2021 साली छत्तीसगडच्या कोरबा परिसरातली वाळवलेली मोहफुलं समुद्रमार्गे पुन्हा फ्रान्सला गेली आणि केंद्राच्या ‘अपेडा’ या कृषी निर्यात प्राधिकरणाने ती मोठी बातमी म्हणून जाहीर केली. शंभराहून जास्त वर्षांनी तेच फूल, तोच देश.

बंदी कोणाची

मोहाची दारू गोंड आणि माडिया जीवनात जन्म, लग्न, मरण या प्रत्येक विधीला लागते. पूर्वजांना आधी थेंब वाहायचे, मग माणसांनी घ्यायचं. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दही दारूच्या भट्टीतून मराठीत आला. ही परंपरा खरी आहे आणि तिचा मान ठेवला पाहिजे.

पण गडचिरोलीतली दारूबंदी वरून लादलेली नाही, हेही तितकंच खरं आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस इथे दारूमुक्तीचं आंदोलन उभं राहिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था 1986पासून जिल्ह्यात काम करत होती, तीही त्यात होती. पण रेटा गावागावांतल्या बायांचा होता. नवऱ्याची मजुरी गुत्त्यावर जाते, रात्री मार बसतो, पोरं उपाशी राहतात, हे सांगायला त्यांना कोणाच्या पुस्तकाची गरज नव्हती. 1993 साली बंदी झाली. 2016पासून ‘मुक्तिपथ’ अभियान तिच्या अंमलबजावणीसाठी चालू आहे. आजही बाया जंगलात शिरतात, पुरून ठेवलेले मोहसडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहफुलांचे, ड्रम शोधतात आणि ओतून टाकतात. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी झाली आणि 2021 साली उठली. गडचिरोलीत ती टिकून आहे.

माझं मत साफ आहे: ही बंदी बायांच्या हातात राहिली पाहिजे. मोहाच्या दारूला बाटलीत भरून तिला वारशाचं नाव द्यायचं आणि त्या वाटेने बंदीला भोक पाडायचं, असं कोणी म्हणत असेल तर त्याने आधी मोहसडवा ओतणाऱ्या बाईशी बोलावं. मध्य प्रदेशाने 2022 साली मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून धोरणात जागा दिली. डहाणूची साउथ सीज डिस्टिलरीही मोहाचं मद्य बाजारात आणते आहे. त्यांचं त्यांच्यापाशी. गडचिरोलीचा रस्ता निराळा असू शकतो आणि तो फुलातूनच जातो.

भाव आणि नाव

पुन्हा बोर्दोकडे पाहिलं की तो रस्ता दिसतो. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला बोर्दोच्या वाइनची क्रमवारी हवी होती. ती लावली दलालांनी, बाजारात वर्षानुवर्षं मिळालेल्या भावाच्या आधारावर. पाच पायऱ्या केल्या, सर्वांत वर लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों हे मळे. ती यादी आजही जवळपास तशीच आहे, 1973 साली मूतों रोतशिल्द वरच्या पायरीवर गेलं हा तिच्यातला मोठा बदल. पुढे 1935 साली फ्रान्सने कायदा करून ठरवलं की विशिष्ट भागाचं नाव त्याच भागातल्या द्राक्षाच्या, ठरलेल्या पद्धतीच्या वाइनलाच लावता येईल. पारख, भाव आणि गावाचं नाव यांची गाठ अशी बांधली गेली.

चामोर्शीच्या मोहफुलाला यांतली पहिली गोष्ट पुरेपूर आहे. बाकीच्या दोन नाहीत. स्वच्छ, तांबूस, सुटं फूल आणि पाऊस खाल्लेलं काळं फूल एकाच पोत्यात जातात, आणि भाव बहुतेक वेळा खराब फुलाचाच लागतो. पारखीला मोल नसेल तर पारख करायचं कारण उरत नाही. मग वाळवण घाईत होतं, माती लागते, फूल भट्टीच्याच लायकीचं उरतं आणि भट्टीकडे जातं. दारूबंदी टिकवायची असेल तर चांगल्या फुलाला चांगला भाव हाही तिचा एक खांब आहे.

हे घडवायला लागणारी ताकद जिल्ह्यात आधीपासून आहे. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावरचा हक्क ग्रामसभेला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. 2011 साली त्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपान आणि बांबू ठेकेदाराला बाजूला सारून स्वतः लिलावात काढला. हिशेब, बँक खातं, ठराव, लिलाव, सगळं शिकून घेतलं. तेंदूत जे झालं ते मोहात होण्यासारखं आहे.

करायचं काय, तेही माहीत आहे. झाडाखाली जाळी बांधली की फुलाला माती लागत नाही, पाला पेटवावा लागत नाही आणि बाईला तासन्तास वाकून राहावं लागत नाही. ताडपत्रीवर किंवा साध्या सौर वाळवणीत फूल वाळवलं की अवकाळीची भीती कमी होते. मग त्या फुलाची प्रतवारी करायची, आणि ती करायला बाहेरचा तज्ज्ञ आणायचा नाही. ती वर्षानुवर्षं करणाऱ्या बायांनाच ग्रामसभेने परीक्षक नेमायचं. पोत्याला गावाचं नाव, वेचणीचा महिना आणि प्रत लिहायची. झाकून चाचणी घ्यायची, म्हणजे कोणाच्या झाडाचं फूल आहे हे न कळता तिची जीभ निकाल देईल. पॅरिसच्या परीक्षकांसाठी जो नियम होता तोच चामोर्शीच्या परीक्षकांसाठी. त्या फुलातून लाडू, पाक, जाम करणारे बचत गट जिल्ह्यात आहेतच. त्यांना अशा प्रतवारीच्या फुलाचा भाव परवडेल, कारण वाळू आणि बुरशी निवडून टाकण्यात त्यांचं निम्मं काम वाया जाणार नाही.

बोर्दोने जगाला शिकवलं ते एवढंच नव्हे की द्राक्षाची दारू चांगली लागते. आपल्या मातीतली वस्तू बारकाईने ओळखणाऱ्या माणसाला बाजारात आवाज असला पाहिजे, हेही त्याने शिकवलं. त्यासाठी तिथे कित्येक दशकं लागली. चामोर्शीत जाणकार बाया तयार आहेत, हक्काचा कायदा आहे, ग्रामसभा आहेत. येत्या मार्चआधी एका ग्रामसभेने जाळ्या विकत घेतल्या, चार बायांना परीक्षक नेमलं आणि पोत्यांवर गावाचं नाव लिहिलं, तर मोहाच्या भावाची चर्चा व्यापाऱ्याच्या मुठीवर संपणार नाही. ती वेचणाऱ्या बाईच्या जिभेपासून सुरू होईल.